घरात पुस्तक लावले आहे



भाद्रपद सरत आला. पावसाने दिल्लीचा निरोप घेतला आहे आणि आमच्या सरकारी वसाहतीच्या वाटेवर सप्तपर्णीची झाडे कळ्यांच्या तयारीत आहेत. आश्विनात ती फुलली म्हणजे संध्याकाळी खिडकी उघडताच त्या उग्र सुवासाने घर भरून जाते. मराठीत आपण या झाडाला सातवीण म्हणतो. हा सुवास आला की या पानावर शरदातील वाचनाचा विषय निघतो. यंदाही तो निघाला आहे. मात्र प्रारंभी मला थोडा हिशेब द्यावयाचा आहे.

गेल्या शरदात मी आपल्यापुढे बारा पुस्तकांची यादी मांडली होती. महिन्याला एक, असा सोपा हिशेब होता. इंदूर, हैदराबाद, बडोदे, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या वाचकांनी मागाहून पत्रांतून विचारणा केली, "बाई, तुमची बारा पुस्तके झाली का?" खरे उत्तर असे की, पाच झाली. उरलेली सात अजून फडताळात उभी आहेत. वेळ मिळाला नाही, ही सबब मी सांगणार नाही. भाषांतर आणि संपादन हा माझा रोजचा उद्योग. दिवसभर हातात पेन्सिल घेऊन मजकूर वाचावयाचा, म्हणजे रात्री पुस्तक उघडले तरी हात आपोआप पेन्सिल शोधू लागतो. कोठे अल्पविराम चुकला, कोठे शब्द हिंदीच्या वळणावर गेला, हेच दिसते. अशा वाचनाला तपासणी म्हणावे, वाचन म्हणू नये. ही सवय मला कळत होती. ती मोडावी कशी, हे कळत नव्हते.

ती मोडली ती एका दुःखाच्या निमित्ताने.

माझी आई गेली तीन वर्षे आमच्याकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर. तिचा जन्म नाशिकचा आणि वाचनाची हौस दांडगी. वर्षभर ती रोज दुपारी खिडकीशी बसून एकच पुस्तक हातात घेई, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. आम्हाला वाटे, आवडीचे पुस्तक आहे, पुन्हा पुन्हा वाचते आहे. कौतुकच वाटे. ज्येष्ठातल्या एका रविवारी माझा अकरा वर्षांचा मुलगा तिच्याजवळ जाऊन बसला आणि पानावरच्या एका शब्दाला बोट लावून त्याने अर्थ विचारला. आजीने अर्थ सांगितला, वर ती ओळही म्हणून दाखवली. मुलगा थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "आई, आजीनं जे म्हटलं ना, ते त्या पानावर नाहीच."

नेत्रतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा उलगडा झाला. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. या विकारात भोवतालचे दिसत राहते. माणूस घरात हिंडतो, फिरतो, पाण्याचा पेला उचलतो. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु ज्यावर नजर रोखावी तेच नेमके पुसले जाते. समोरच्या माणसाचा चेहरा आणि पुस्तकातले अक्षर या दोन गोष्टी आधी जातात. गेलेले परत मिळत नाही, राहिलेले जपावयाचे, असे तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले. आई आम्हाला म्हणाली, "अगं, तुम्हाला उगाच घोर कशाला? पाठ होतं ते मनात म्हणत बसायची. हातात पुस्तक असलं की बरं वाटायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसभर इतरांच्या मजकुरातील चुका शोधणाऱ्या मला, शेजारच्या खोलीत माझी आई वर्षभर वाचीत नव्हती, हे दिसले नव्हते.

जुन्या घरांतून आषाढी एकादशीला पोथी लावीत असत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ घरातील कोणी एक वाची, बाकीची मंडळी ऐकत. आणि कार्तिकीच्या सुमारास समाप्ती होऊन प्रसाद वाटला जाई. वाचता येणारा घरात एकच असला तरी पोथी साऱ्यांची होत असे. यंदा आषाढीला आम्ही त्याच रीतीने घरात पुस्तक लावले. अर्थात ‘स्मृतिचित्रे’च. रात्रीची जेवणे आटोपली की अर्धा तास, पाच-सहा पाने. वाचणारा माझा मुलगा आणि ऐकणारी त्याची आजी. मी आणि घरचे इतर, जमेल तसे श्रोते.

मुलगा दिल्लीत वाढलेला. शाळा हिंदी आणि इंग्रजी यांची. देवनागरी त्याला सफाईने वाचता येते. पण मराठी वाचणे ही गोष्ट वेगळी, हे पहिल्याच रात्री ध्यानात आले. ‘चार’ आणि ‘चाक’ हे दोन्ही शब्द तो एकाच ‘च’ने म्हणे. ‘जरा’ आणि ‘जीव’ यांतल्या दोन ‘ज’कारांतही त्याला भेद नव्हता. अक्षर एकच, उच्चार दोन. आणि पानावर त्याची कसलीही खूण नाही. ती खूण ऐकणाऱ्याच्या कानात असते. ‘ळ’ची तर रोजची लढाई. तो ‘काळ’ला ‘काल’ म्हणाला की आई म्हणे, "काल नव्हे रे, काळ. जीभ जरा वर वळव, मागं ने. काल गेला तो कालचा दिवस. काळ जातो तो सगळ्यांचा." मग दोघे हसत.

श्रावणाच्या अखेरीस माझ्या लक्षात आले की, आजीला डोळे हवे होते, नातवाला जीभ हवी होती, आणि दोघांचीही सोय एकाच पुस्तकाने झाली होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची ही अडचण मी नव्याने सांगावयास नको. मुलांना मराठी समजते, थोडी बोलताही येते. पण वाचण्याचा प्रसंग येत नाही आणि हळूहळू भाषा स्वयंपाकघरापुरती उरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बंगाली, असमिया, पाली व प्राकृत यांनाही त्याच दिवशी मिळाला. आनंदाचीच गोष्ट. परंतु अकरा वर्षांच्या मुलाला ‘ळ’ म्हणता यावा, ही तजवीज ज्याच्या त्याच्या घरीच व्हावयास हवी.

‘स्मृतिचित्रे’विषयी नव्याने काय सांगावे? १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि तेव्हापासून हे पुस्तक मराठी घरांतून नांदत आहे. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती नारायण वामन टिळक कवी, भटक्या वृत्तीचे. केव्हा घर सोडतील आणि केव्हा परत येतील याचा नेम नसे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि त्यांनीही तो धर्म स्वीकारला. आपले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य टिळकांनी अपुरे ठेवले, ते या बाईंनी पुरे केले. मी हे पुस्तक महाविद्यालयात असताना परीक्षेसाठी वाचले होते. तेव्हा दुःखाची जागा आली की मी खाली रेघ ओढीत असे. आता कानांनी ऐकताना दिसले ते निराळेच. जेथे मी रेघा ओढल्या होत्या तेथेच आई हसते. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती आधी सांगतात, रडण्याचे कारण मागाहून येते. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक सांगताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नाही. घरी राहावयास आलेल्या बालकवींवर केलेली माया सांगतानाही बडेजाव नाही. हे वाक्य बोलणाऱ्या माणसाचे आहे. डोळ्याने भराभर वाचणाऱ्याच्या हातून ते निसटते.

याचा एक प्रसाद मलाही मिळाला. एका रात्री गंमत म्हणून मुलाने आपल्या या मासिकाचा अंक उघडला आणि आजीला एक उतारा वाचून दाखवू लागला. मध्येच तो अडखळला, मागे गेला, पुन्हा अडखळला. आई म्हणाली, "हे वाक्य कुणी लिहिलंय? श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही!" वाक्य माझे होते. तेव्हापासून मजकूर छापावयास देण्यापूर्वी मी तो एकदा मोठ्याने वाचते. आपल्यालाही फरक जाणवला असेल तर श्रेय आमच्या आजींचे.

आता दुसरे पुस्तक. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘आरण्यक’ ही बंगाली कादंबरी, १९३९ सालची. मी ती हिंदी भाषांतरातून वाचली. कचेरीत जाता-येता मेट्रोच्या डब्यात. बिभूतिभूषणांनी स्वतः भागलपूरकडील एका जमीनदारीत नोकरी केली होती, त्या अनुभवातून ही कादंबरी आली. कलकत्त्याचा एक सुशिक्षित तरुण, सत्यचरण, बिहारातील रानात व्यवस्थापक म्हणून जातो. आरंभी त्याला ते निर्जन रान सोसवत नाही. पुढे ते त्याच्या रक्तात भिनते. परंतु त्याचे काम काय, तर तेच रान कुळांना वाटून देऊन लागवडीखाली आणावयाचे. ज्यावर जीव जडला ते त्याच्याच सहीने नाहीसे होते. या कादंबरीत जुगलप्रसाद नावाचा एक साधा माणूस आहे. तो ठिकठिकाणची फुलझाडे आणि वेली मिळवून रानातील एका तळ्याच्या काठी लावतो. जमीन त्याची नाही, लाभ काही नाही. रान सुंदर दिसावे एवढेच. त्या तळ्याचे नाव सरस्वती कुंडी.

मी हिंदी पान समोर ठेवून घरी तोंडी मराठीत ही गोष्ट सांगत असे. मुलाने विचारले, "त्याला जंगल इतकं आवडायचं, तर त्यानं ते तोडू का दिलं?" मी योग्य शब्द शोधीत होते, तोच आई म्हणाली, "नोकरी होती ना रे त्याची." मग थोडे थांबून, "आवडतं ते राखायला नोकरीपेक्षा जास्त काही लागतं." तो रात्री बराच वेळ जुगलप्रसादाविषयीच विचारीत होता. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या कुंपणाशी त्याने जांभळाच्या दोन बिया पुरल्या आहेत. उगवतील तेव्हा खरे.

एवढे वाचून झाले. आता शरदातील बेत. यंदा बारा पुस्तकांची यादी मी देणार नाही. जे घरात घडू शकेल तेवढेच सांगते.

पहिला बेत दसऱ्याचा. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून पुस्तकांची पूजा करण्याची आपली रीत आपण जाणताच. आमच्या शेजारी एक मल्याळी कुटुंब आहे. त्यांच्याकडे अष्टमीला पुस्तके पूजेत ठेवतात. मधल्या काळात वाचन बंद. विजयादशमीला ती पूजेतून काढून वाचावयाची आणि त्याच दिवशी लहान मुलांचा विद्यारंभ करावयाचा. बंगाली शेजाऱ्यांकडे सरस्वतीची पूजा माघात, वसंत पंचमीला होते. पण त्यांच्याही घरी याच दिवसांत शारदीय विशेषांकांचे ढीग येतात. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या अनेक गोष्टी प्रथम ‘देश’च्या शारदीय अंकांतूनच वाचकांना मिळाल्या. यंदा दसऱ्याच्या संध्याकाळी तिन्ही घरांनी एकत्र बसावयाचे आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेतील एक पान मोठ्याने वाचावयाचे ठरले आहे. अर्थ मागाहून सांगावयाचा. आधी नुसता आवाज ऐकावयाचा.

दुसरा बेत दिवाळी अंकांचा. १९०९ साली का. र. मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेथून मराठीतील ही परंपरा मोजली जाते. दरवर्षी आपण उत्साहाने सात-आठ अंक घेतो आणि संक्रांत आली तरी निम्मे उघडलेले नसतात. यंदा येथील चार मराठी कुटुंबांनी मिळून असे ठरवले आहे की, प्रत्येकाने तीनच अंक घ्यावयाचे, एकाचे दुसऱ्याने घ्यावयाचे नाहीत आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल करावयाची. बारा अंक चारही घरांतून फिरतील. तिनांपैकी एक मुलांचा असावा, ही अट. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. जेथे मराठी नियतकालिके विकत मिळत नाहीत, तेथील कुटुंबांना त्याचा चांगला उपयोग होईल.

तिसरा बेत प्रवासाचा. दिवाळीच्या सुटीत आम्ही आईला घेऊन नाशिकला जाणार आहोत. वाटेत झाशी लागते. त्या प्रवासासाठी पिशवीत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवला आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली घरचे कर्ज फिटावे या आशेने उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. लुटले गेले, उपाशी राहिले. तरी अखेर गंगेची कावड खांद्यावर वाहून त्यांनी गाव गाठले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. ही हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली. घरातील ज्यांना मराठी जड जाते, त्यांच्यासाठी अमृतलाल नागर यांचे हिंदी भाषांतर आहे. गाडी झाशी स्थानकात उभी असताना वेढ्याचे प्रकरण वाचावयाचे, अशी मुलाची योजना आहे. नाशिकला पोहोचल्यावर आईला गोदाकाठच्या जलालपूरला जावयाचे आहे. लक्ष्मीबाईंच्या बालपणाचे ते गाव. मी म्हटले, "आई, तुला नीट दिसायचं नाही गं." ती म्हणाली, "पाणी वाहतं ते ऐकू तर येईल."

शेवटचा बेत लहानसा. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ हे १९५६ सालचे पुस्तक बारा महिन्यांवर आहे. आश्विन लागला की आश्विनाचे प्रकरण, कार्तिक लागला की कार्तिकाचे. एकाहून अधिक नाही. एवढे संयमाने वाचावयाचे पुस्तक माझ्या ठाऊकीत दुसरे नाही.

आता दोन-तीन उपयोगाच्या गोष्टी. घरातील वडील मंडळींनी पन्नाशीनंतर डोळे नियमाने तपासून घ्यावेत. अधूनमधून एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे, मग दुसरा झाकून पाहावे. सरळ कड वाकडी दिसली किंवा मध्ये डाग दिसला तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांना भेटावे. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून नेतो, म्हणून निरनिराळे पाहावयाचे. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आहे. तेथे भारतीय भाषांतील पुस्तके ऐकता येतील किंवा ब्रेलमध्ये घेता येतील अशा रूपांत मिळतात. अशा रूपांतरांना वाट मोकळी करून देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार सर्वप्रथम मान्य करणारा देश भारत होता, ही २०१४ सालची गोष्ट. आणि दूरच्या नातवंडांना पुस्तक पाठवावयाचे असेल तर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही कमी दराची सेवा सुरू केली आहे. आपल्या टपाल कचेरीत चौकशी करावी.

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. आपण महाराष्ट्रात असा वा नसा, त्या रात्री आपल्या घरी अर्धा तास एखादे पुस्तक लावून पाहावे, ही माझी विनंती. वाचणारा घरातील सर्वांत लहान असावा. ऐकणारा सर्वांत वडील. चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. दुरुस्त करणारे शेजारीच बसलेले असतील. कोणते पुस्तक लावले, कोण अडखळले, कोण हसले, हे मला अवश्य कळवावे. निवडक पत्रे या पानावर येतील.

आमची समाप्ती कार्तिकी एकादशीची. उपासाचा दिवस असल्याने प्रसाद राजगिऱ्याच्या लाडवांचा ठरला आहे. पुढे कोणते पुस्तक लावावयाचे, याचा निर्णय आईने मुलावर सोपवला आहे. तो फडताळापुढे उभा राहून कालपासून विचार करतो आहे. त्या सात पुस्तकांवरील धूळ मात्र त्याने झटकली आहे.